तुरुंगातून कॉलेजात : यशवंतराव चव्हाण

विद्यार्थ्याने चळवळीत पडावे की आपला अभ्यास पाहावा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. पुढारीपण आले की पुस्तक सुटते अशी पालकांना धास्ती वाटते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. म्हणूनच यशवंतराव चव्हाण यांचे विद्यार्थिदशेतील चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी व पालकांनीही जाणून घ्यावे असे आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे त्यांचे आजोळ आज सांगली जिल्ह्यात मोडते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. घरची गरिबी होती. परंतु आई विठाबाई यांनी मुलांच्या शिक्षणाचा ध्यास कधी सोडला नाही. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच यशवंतराव स्वातंत्र्यलढ्यात ओढले गेले. २६ जानेवारी १९३२ रोजी कऱ्हाडात तिरंगा फडकविल्याबद्दल त्यांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. तेव्हा त्यांच्या वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि मॅट्रिकची परीक्षा अजून व्हायची होती. माफी मागितल्यास सुटका होईल, असे आई भेटीस आली असता सुचविण्यात आले. त्या माउलीने मुलाला माफी मागू दिली नाही. प्रकृतीस जपण्याचे सांगून ती परतली.

शिक्षण तेथेच संपले असते तर नवल नव्हते. परंतु येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारखी विद्वान माणसे होती. वडीलधारे शिकवीत, तरुण ऐकत, वाचीत आणि वाद घालीत. तेथे ना शाळा होती, ना वेळापत्रक, ना परीक्षा. तरीही ज्ञानाची ओढ असलेल्यांनी बराकीचाच वर्ग केला. सुटून आल्यावर यशवंतराव पुन्हा अभ्यासाला लागले व १९३४ साली मॅट्रिक झाले. एकविसाव्या वर्षी मॅट्रिक होण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही.

पुढील शिक्षणासाठी ते आपल्या कोल्हापुरास आले. राजर्षी शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी येथे वसतिगृहे उभी केली होती. १९०६ सालचे मुस्लिम बोर्डिंग त्यांपैकीच एक. खेड्यातल्या गरीब मुलाने शिकायचे तर कोल्हापूर गाठावे, असा लौकिक या नगरीला त्यामुळेच लाभला. डॉ. बाळकृष्ण प्राचार्य असलेल्या राजाराम कॉलेजातून यशवंतराव १९३८ साली बी. ए. झाले. १९४१ साली त्यांनी वकिलीची परीक्षाही दिली. राजकारण सुटले नव्हते, पण पुस्तकही सुटले नव्हते.

सत्ता हाती आल्यावर त्यांना या दिवसांचा विसर पडला नाही. ते मुख्यमंत्री असताना १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ व १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांना फीमाफी मिळाली. विद्या मुलाच्या गावाजवळ जावी आणि पैशावाचून कोणाचे शिक्षण अडू नये, ही या कामामागची दृष्टी.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९८९ साली नाशिक येथे महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे वळता यावे, अशी सोय या विद्यापीठाने केली. पाठ्यपुस्तके घरी वाचावीत, सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर शंका विचाराव्यात आणि परीक्षा द्यावी, असा हा मार्ग. शिक्षण मध्येच तुटलेल्या माणसाचे नाव अशा विद्यापीठास शोभून दिसते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दूरशिक्षणात नाव घालणारे पुष्कळ, शेवटपर्यंत टिकणारे त्या मानाने थोडे, असा अनुभव जगभर आला आहे. एकटा माणूस दमतो, पुस्तक मिटतो आणि परीक्षेचा अर्ज भरायचे राहून जाते. येथेच खऱ्या विद्यार्थी-पुढाऱ्याची गरज आहे. निवडणुकीपुरता गुलाल उधळणारा पुढारी काय कामाचा? गॅरेजवर काम करणारा मित्र, लग्नामुळे शाळा सुटलेली बहीण, दुकानात बसणारा धाकटा भाऊ यांना केंद्रापर्यंत घेऊन जाणारा आणि आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासोबत पुस्तक उघडून बसणारा विद्यार्थी आम्हांला हवा आहे.

बराकीत वर्ग भरू शकला, तर आपल्या मोहल्ल्यात तो का भरू नये? आमच्या मुलामुलींनी याचा विचार करावा, आणि वर्ष सरण्यापूर्वी निदान एकाचे तरी सुटलेले शिक्षण पुन्हा सुरू करून द्यावे.