संस्कृत बाजूला ठेवणारी पंडिता

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की शारदा सदन, मुक्ती मिशन आणि त्यांचे धर्मांतर एवढेच बोलले जाते. मराठीसाठी त्यांनी जवळजवळ दीड तप जे काम केले त्याकडे सहसा कुणी वळत नाही. सीमाभागातल्या वाचकाने तरी वळावे, कारण ही बाई जन्माने आपल्याच बाजूची.

२३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील घाटमाथ्यावर, गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. भोवती कानडी मुलूख, घरात मराठी आणि शिक्षण मात्र संस्कृतचे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायपीट करीत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वय अवघे वीस.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. विवाह, दीड-दोन वर्षांत वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. त्या धर्मांतरावरून पुण्यात उठलेला गदारोळ येथे उगाळण्याचे कारण नाही.

भाषेचा खरा प्रश्न उभा राहिला तो दौंडजवळच्या केडगावात. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून शेकडो अनाथ मुली व विधवा तेथे आल्या. कित्येकींची मायबोली मराठी नव्हती आणि बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्या मराठी शिकल्या, पण बायबल हाती घेतले की अडत.

मराठी बायबल तेव्हा नवे नव्हते. बंगालमधील श्रीरामपूरहून विल्यम केरी यांनी १८११ मध्येच नवा करार छापला होता आणि त्यानंतर मिशनऱ्यांनी शास्त्रीपंडितांच्या मदतीने संपूर्ण ग्रंथ सिद्ध केला होता. रमाबाईंचा आक्षेप होता तो त्यातल्या संस्कृतप्रचुर भाषेला. जड शब्द बाईमाणसाला कळत नाहीत, ही एक अडचण. दुसरी अधिक बारीक होती: असे पुष्कळ शब्द वेदान्ताचा आणि पुराणांचा अर्थ आधीच पोटात घेऊन येतात, मग वाचणारीच्या मनात भलतेच उभे राहते. हे हेरायला पुराणे तोंडपाठ असलेलीच बाई हवी होती. संस्कृत न येणाऱ्याने संस्कृत टाकले तर त्यात नवल ते काय?

सुमारे १९०५ पासून त्या कामाला लागल्या. इंग्रजीवरून भाषांतर करायचे नाही म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, तेही पन्नाशीच्या आसपास, आश्रमाचा मोठा संसार अंगावर असताना आणि कानांनी दगा दिलेला असताना. छापखाना मुक्तीतलाच. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सगळे तेथल्या मुलीच करीत. एके काळी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली आता ग्रंथाची पाने जुळवत होत्या.

भाषांतर निर्दोष आहे असे नाही. मुळाचा शब्दन् शब्द धरून ठेवण्याच्या हट्टापायी काही वाक्ये मराठीला परकी वाटतात, आणि सोपेपणाचा हेतू तेवढ्यापुरता मागे पडतो. मंडळ्यांमध्ये ते फारसे रुळले नाही. तेथे बायबल सोसायटीचीच प्रत चालत राहिली. तरीही एका स्त्रीने मूळ भाषांवरून एकहाती केलेले संपूर्ण बायबल जगात कुठेही विरळाच.

जुलै १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमाबाई गेल्या. गुलबर्ग्याला मुक्तीची शाळा काढण्यात त्यांचाच हात होता आणि आईच्या मागे सारे त्याच सांभाळतील अशी योजना होती. रमाबाई त्यानंतरही मुद्रिते तपासत राहिल्या. काम संपवूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावात देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला १९२४ मध्ये.