खाशाबांचा राहून गेलेला मान

कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले, तेव्हा खाशाबा पोलीस खात्यात होते. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि २००० सालचा ‘अर्जुन’ मरणोत्तर आला. ‘पद्म’ तर हयातीत मिळालाच नाही. तो सहसा मरणोत्तर देत नाहीत, हे उत्तर नियमाला धरून आहे खरे. पण पदकानंतर खाशाबा तब्बल ३२ वर्षे हयात होते.