किशकिशची दाढी

मुलांनो, नाटकात काम करणाऱ्या माणसाला खोटी दाढी लावायला किती वेळ लागतो? फार तर दहा मिनिटे. पण एका नटाला आपली दाढी उतरवायला पंधरा-वीस वर्षे लागली. त्याचे नाव नजीब अर-रैहानी.

उर्दूत ज्या देशाला तुम्ही मिस्र म्हणता, त्याला मराठीत इजिप्त म्हणतात. तेथील कैरो शहरात १८८९ साली रैहानींचा जन्म झाला. वडील इराकमधील मोसूलहून आलेले ख्रिस्ती गृहस्थ. ते घोड्यांचा व्यापार करीत. आई इजिप्तचीच होती. कैरोचे लोक 'ज'चा उच्चार 'ग' असा करतात, म्हणून त्यांच्या शहरात ते 'नगीब' होते. तुम्ही खुशाल नजीब म्हणा.

फ्रेंच शाळेत शिकत असतानाच त्यांना नाटकाचा नाद लागला. पुढे ते शेतकी बँकेत कारकून झाले. तेथे अजीज ईद नावाचे दुसरे नाटकवेडे कारकून भेटले. मग काय विचारता! दोघांचे लक्ष कामात कमी आणि नाटकात जास्त. शेवटी रैहानींची नोकरी गेली. दूर दक्षिणेकडे साखर कंपनीत दुसरी मिळाली, तीही टिकली नाही. तेव्हा जॉर्ज अबयद यांची नाटक मंडळी गंभीर नाटकांसाठी नावाजलेली होती. १९१४ साली रैहानी तिच्यात गेले. राजे, सरदार व्हावे, प्रेक्षकांना रडवावे, अशी त्यांची फार इच्छा होती. पण तेथूनही त्यांना काढून टाकले गेले.

पहिले महायुद्ध चालू होते. कैरोत इंग्रज सैनिकांची गर्दी असे आणि रात्री नाचगाण्याचे अड्डे भरत. पोटासाठी रैहानी अशाच एका ठिकाणी छोटी प्रहसने करू लागले. १९१६ साली त्यांना एक पात्र सुचले, किशकिश बे. हा एका खेड्याचा उमदा, म्हणजे आपल्याकडे असतो तसा गावचा पाटील. कापूस विकतो, पैसे घेऊन शहरात येतो, चैनीत सगळे उधळतो आणि पस्तावत गावी परततो. रैहानींनी लांब दाढी लावली, जुब्बा घातला. लोक हसून हसून बेजार झाले. ज्याला कोणी नोकरीवर ठेवत नव्हते, तो आता शहरातला लाडका नट झाला.

पुढे बदी खैरी त्यांच्याकडे आले. हे पेशाने शिक्षक होते आणि बोलीभाषेत सुरेख गाणी लिहीत. संगीतकार सय्यद दरवेश यांनी त्या गाण्यांना चाली दिल्या. १९१९ साली इंग्रजांविरुद्ध देश पेटून उठला, त्या काळात हमाल, पाणके अशा कष्टकऱ्यांची ही गाणी नाटकातून रस्त्यावर गेली.

इतके नाव झाले, तरी रैहानींचे मन दाढीत रमेना. १९२६ साली त्यांनी गंभीर नाटकांची मंडळी काढली. प्रेक्षक आलेच नाहीत, डोक्यावर कर्ज मात्र झाले. पुन्हा दाढी! १९३१ साली त्यांनी एका फ्रेंच नाटकाचे अरबी रूपांतर केले. त्यात एका प्रामाणिक, गरीब शाळामास्तराची गोष्ट होती. तेही पडले. लोकांना किशकिशच हवा होता. त्याच वर्षी त्यांचा एक मूकपट आला, त्यातही किशकिशच! तुम्हीच सांगा, आपणच घडवलेले सोंग आपल्या वाटेत आडवे उभे राहिले तर काय करावे?

रैहानींनी हट्ट सोडला नाही. खैरींबरोबर ते लिहीत राहिले. हळूहळू दाढी गेली आणि रंगभूमीवर कमी पगाराचा, सज्जन, नशिबाची थट्टा सोसणारा साधा माणूस आला. या वेळी लोकांनी त्याला आपला मानले. 'हसन, मर्कस आणि कोहेन' या नाटकात तर मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी असे तीन भागीदार एक औषधांचे दुकान चालवतात आणि तिघांचा लोभ अगदी सारखा! १९३७ सालच्या 'सलामा फी खैर' या चित्रपटात रैहानी दुकानातले शिपाई आहेत. मालकाची मोठी रक्कम बँकेत भरायला जातात, तर बँक बंद. आता ती रक्कम सांभाळायची कशी, या काळजीने त्यांची जी तारांबळ उडते, ती पाहून हसूही येते आणि जीवही कळवळतो.

'गजल अल-बनात' या चित्रपटात ते हमाम नावाचे अरबीचे मास्तर झाले. शाळेतली नोकरी जाते आणि पाशाच्या नापास झालेल्या मुलीला शिकवायचे काम मिळते. त्या बंगल्यात कुत्रा सांभाळणाऱ्याला मास्तरांपेक्षा कितीतरी जास्त पगार असतो! आम्हां शिक्षकांना हा प्रसंग जरा बोचतो. मास्तर त्या मुलीवर मनातून प्रेम करू लागतात. शेवटी अब्दुल वहाब यांचे गाणे ऐकताना त्यांना कळून चुकते, की ही आपली नव्हे. ते काही बोलत नाहीत. नुसते डोळे भरून येतात. प्रेक्षकांना रडवण्याची रैहानींची जुनी इच्छा अशी पुरी झाली.

चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच, ८ जून १९४९ रोजी, तापाच्या आजाराने कैरोत त्यांचे निधन झाले. त्यांची मंडळी बदी खैरींनी पुढे चालवली आणि खैरींचा मुलगा आदिल रैहानींच्या भूमिका करू लागला.