फ्रेडरिक कार्डर
फ्रेडरिक कार्डर (१८ सप्टेंबर, इ.स. १८६३ – १० डिसेंबर, इ.स. १९६३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले व पुढे अमेरिकेत कार्य केलेले काचशिल्पी होते. स्टूबेन ग्लास वर्क्स या कारखान्याचे ते सहसंस्थापक होत. उतारवयात त्यांनी लहान भट्टीत साच्यातून घडवलेली काचशिल्पे विशेष प्रसिद्ध आहेत.

पूर्वायुष्य
कार्डर यांचा जन्म स्टॅफर्डशायर परगण्यातील ब्रॉकमूर येथे झाला. लहान वयात शाळा सोडून ते कुटुंबाच्या कुंभारकामाच्या व्यवसायात शिरले आणि सायंवर्गांतून कलाशिक्षण घेऊ लागले. प्राचीन रोमन पोर्टलँड कलशाची जॉन नॉर्थवुड यांनी काचेत घडवलेली प्रतिकृती पाहून ते काचकलेकडे वळले. इ.स. १८८० मध्ये ते स्टीव्हन्स अँड विल्यम्स या काच कारखान्यात अभिकल्पक म्हणून रुजू झाले व तेथे त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले.

स्टूबेन ग्लास वर्क्स
इ.स. १९०३ मध्ये त्यांनी न्यू यॉर्क राज्यातील कॉर्निंग येथे टॉमस हॉक्स यांच्यासह कारखाना काढला. ते गाव ज्या काउंटीत आहे, तिचेच नाव कारखान्याला देण्यात आले. तप्त काचेवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारून आणलेली सोनेरी व निळी झळाळी, अर्थात ‘ऑरीन’ काच, ही त्यांची खास ओळख ठरली. पहिल्या महायुद्धात कच्च्या मालावर निर्बंध आल्याने इ.स. १९१८ मध्ये कारखाना कॉर्निंग ग्लास वर्क्सला विकावा लागला. याच वर्षी त्यांचा मुलगा सिरिल युद्धात मारला गेला.

भट्टीतील काचशिल्पे
मंदीच्या काळात, इ.स. १९३२ मध्ये, कार्डर यांना स्टूबेनच्या सूत्रांपासून दूर करण्यात आले. पुढे कारखान्याने रंगीत काच सोडून रंगहीन स्फटिककाचेचा मार्ग धरला. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले कार्डर मात्र निवृत्त न होता कॉर्निंगमधील आपल्या स्टुडिओत लहान भट्टीवर प्रयोग करू लागले. कारखान्यात त्यांच्या आराखड्यांवरून इतर कारागीर काच फुंकत असत. येथे मेणाच्या नमुन्यापासून पूर्ण शिल्पापर्यंतचे काम ते स्वतः करीत.

ब्राँझच्या मूर्ती ओतण्याची जुनी पद्धत त्यांनी काचेसाठी वापरली. मेणाच्या नमुन्याभोवती उष्णतारोधक साचा घडवून मेण वितळवून काढले जाई. रिकाम्या साच्यात काचेचे तुकडे भरून ते एकजीव होईपर्यंत भट्टीत तापवले जात. त्यानंतर काच अतिशय मंद गतीने थंड केली जाई (अनुशीतन). बाहेरचा भाग आतल्या भागापेक्षा लवकर थंड झाल्यास काचेत ताण राहून ती तडकते, म्हणून हा टप्पा सर्वांत नाजूक असे. शेवटी साचा फोडावा लागत असल्याने एक साचा एकदाच उपयोगी पडे.

आतल्या पात्राभोवती काचेची सुटी जाळी असलेल्या, रोमन धर्तीच्या ‘डायट्रेटा’ पात्रांचीही निर्मिती त्यांनी याच पद्धतीने केली. अशी रोमन पात्रे जाड काच कोरून घडवली जात, असे सामान्यतः मानले जाते. कार्डर यांनी तोच परिणाम साच्यातून साधला.

अखेरचा काळ व वारसा
इ.स. १९५९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यानंतर काही आठवड्यांनी कॉर्निंग येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कलाकृतींचा मोठा संग्रह कॉर्निंग काचसंग्रहालयात आहे. एकट्या कलावंताने लहान भट्टीत काच घडवण्याची प्रथा पुढे स्टुडिओ काचकलेत रूढ झाली. कार्डर यांचे उत्तरायुष्यातील काम हे तिचे एक आरंभीचे उदाहरण होय.