डॉ. फिलिप गोशे

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी बहुधा त्यांच्या यशाकडेच लागलेली असते. परंतु ज्यांचे अनुमान चुकले आणि तरीही ज्यांचे नाव वैद्यकशास्त्रात चिरस्थायी झाले, अशा एका फ्रेंच वैद्यांचा परिचय आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून देत आहोत.

फिलिप गोशे यांचा जन्म १८५४ साली फ्रान्समधील न्येव्र या प्रांतात झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी पॅरिस येथे घेतले. १८८२ साली पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय एक बत्तीस वर्षांची स्त्री होती. तिची पानथरी अतोनात वाढली होती. हिवतापाने पानथरी वाढलेली मुले आपल्याकडे पूर्वी गावोगावी दिसत. पण या स्त्रीचा रोग निराळा होता. तिच्या मृत्यूनंतर गोशे यांनी पानथरीचे पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले, तेव्हा त्यांत मोठाल्या, फुगलेल्या पेशी दाटीने भरलेल्या आढळल्या. हा पानथरीचाच कर्करोग असावा, असे त्यांनी अनुमान केले.

ते अनुमान खरे ठरले नाही. परंतु जे डोळ्यांना दिसले, ते त्यांनी इतके नेटके लिहून ठेविले होते की पुढील संशोधकांस तोच प्रबंध पायाभूत झाला, आणि त्या रोगास गोशे यांचेच नाव मिळाले. ते स्वतः पुढे त्वचारोग व उपदंश या विषयांकडे वळले. १९०२ साली आल्फ्रेड फूर्निए या विख्यात वैद्यांच्या जागी त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. १९१८ साली, पहिले महायुद्ध चालू असतानाच, पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले. आपण पाहिलेल्या त्या पेशींचे खरे रहस्य त्यांस अखेरपर्यंत उमगले नाही.

ते रहस्य असे. पेशी हे एक घर मानिले, तर त्या घरात जुन्या, निरुपयोगी द्रव्यांची विल्हेवाट लावणाऱ्या बारीक पिशव्या असतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी १९५५ साली त्यांस लायसोसोम हे नाव दिले. या पिशव्यांत निरनिराळी पाचक द्रव्ये असतात. त्यांपैकी एखादे जन्मतःच कमी पडले, म्हणजे केर उपसला न जाता साठत जातो व पेशी फुगते. गोशे यांच्या रोगात एक स्निग्ध द्रव्य असे साठते, आणि त्याचे कारण एका विशिष्ट पाचक द्रव्याची उणीव होय, हे अमेरिकेतील डॉ. रॉस्को ब्रेडी यांनी १९६५ च्या सुमारास दाखविले. पुढे प्रसूतीच्या वेळी पडणाऱ्या वारेपासून ते द्रव्य काढून औषध सिद्ध झाले व १९९१ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. प्रबंधापासून औषधापर्यंत एकशे नऊ वर्षे लागली!

आमच्या बीड जिल्ह्यातील पालकांनी हा विषय दूरदेशीचा समजू नये. हा रोग क्वचित आढळणारा असला, तरी आनुवंशिक आहे. आईबाप दोघेही निरोगी दिसत असून दोघांच्याही ठायी तो दोष सुप्त असेल, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. अशा रक्ताच्या नात्यातील विवाहांत तोच दोष उभयतांत असण्याचा संभव वाढतो. म्हणून लग्न ठरविताना या गोष्टीचा विचार अवश्य व्हावा. तसेच एखाद्या मुलाचे पोट सारखे वाढत असेल, अंगावर रक्त दिसत नसेल, हाडे दुखत असतील, तर दृष्ट लागली किंवा पूर्वकर्म आडवे आले असे म्हणून स्वस्थ बसू नये. त्यास वैद्यास दाखवावे. मातेस दोष देणे तर सर्वस्वी अन्यायाचे आहे. औषध फार महाग आहे खरे. परंतु अशा विरळ रोगांसाठी भारत सरकारने २०२१ साली धोरण जाहीर केले असून मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यातील एक केंद्र आहे.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेच्या वहीत उत्तर जुळावे म्हणून आकडे बदलण्याचा मोह तुम्हांस होत असेल. तेव्हा गोशे यांचे स्मरण करा. त्यांचा निष्कर्ष टिकला नाही, परंतु त्यांची प्रामाणिक नोंद टिकली. आणि त्या नोंदीने कित्येक मुलांचे प्राण वाचविले.