डिस्नेलँडमधल्या त्या खिडकीत आजही दिवा का जळतो? जगाला बालपण विकणाऱ्या वॉल्ट डिस्नेच्या स्वतःच्या बालपणाची गोष्ट

डिस्नेलँडचे कट्टर चाहते एकत्र जमले की कशावर गप्पा मारत असतील? आपल्याला वाटतं, राईड्सवर. कोणता रोलर कोस्टर किती उंच, कोणत्या राईडला किती मोठी रांग, वगैरे.

पण प्रत्यक्षात गप्पा भलत्याच निघतात. आजोबा दमले की कोणत्या बाकावर टेकायचे, गेटमधून आत शिरलं की पॉपकॉर्नचा वास कसा यायचा, बंद पडलेली अमुक राईड किती भारी होती. पूर्वी तिथे ए पासून ई पर्यंत अक्षरांची कुपन्स असलेली तिकिटांची पुस्तिका मिळायची. ई म्हणजे सगळ्यात भारी राईड. ही पद्धत 1982 मध्ये बंद झाली, तरी न वापरलेली कुपन्स कित्येकांनी जपून ठेवली आहेत.

थोडक्यात काय, तर गप्पा थीम पार्कच्या नावाखाली सुरू होतात आणि जुन्या दिवसांवर येऊन थांबतात.

आता हा योगायोग नाही. ज्या माणसाने हे पार्क उभं केलं, त्याचाही विषय तोच होता. त्यालाही आपले जुने दिवस परत हवे होते. फक्त सगळे नाही, निवडक. ते कोणते आणि त्याने गाळले ते कोणते, हे समजून घ्यायचं तर वॉल्ट डिस्नेच्या लहानपणात जावं लागतं.

मार्सेलीनमधली चार-पाच वर्षं

वॉल्टचा जन्म 5 डिसेंबर 1901 चा, शिकागोचा. वडील इलियस सुतारकाम आणि बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. 1893 साली शिकागोत जे प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या बांधकामावरही त्यांनी काम केलं होतं. आई फ्लोरा. हर्बर्ट, रेमंड, रॉय हे तीन मोठे भाऊ आणि रुथ ही धाकटी बहीण.

1906 मध्ये इलियस यांनी शिकागो सोडलं आणि कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सेलीन या छोट्या गावी आलं. तिथे साधारण 45 एकरांची शेती घेतली. वॉल्ट तेव्हा चार वर्षांचा होता.

मार्सेलीन हे रेल्वेचं गाव. सँटा फे रेल्वे कंपनीने 1888 मध्ये ते वसवलं. नात्यातला माईक मार्टिन याच मार्गावर इंजिन चालवायचा, त्यामुळे गाडी आली की पोरं रुळाकडे पळायची. शेतात डुकरं, कोंबड्या, सफरचंदाची झाडं. शेजारच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आपल्या घोड्याचं चित्र काढायला सांगून वॉल्टला पैसेही दिले होते. एकदा या पठ्ठ्याने रुथला सोबत घेऊन घराच्या पांढऱ्या भिंतीवर डांबराने चित्रं काढली. डांबर काही निघालं नाही आणि वडील जाम भडकले.

वॉल्ट आयुष्यभर या गावाबद्दल बोलत राहिला. पण हिशोब केला तर तिथला मुक्काम जेमतेम चार-पाच वर्षांचा.

आणि ते दिवसही सगळ्यांसाठी गोड नव्हते बरं का. हर्बर्ट आणि रेमंड वडिलांच्या कडक शिस्तीला कंटाळून घरातून पळून गेले. शेती तोट्यात गेली, इलियस आजारी पडले आणि शेत विकावं लागलं. 1911 मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीला आलं. वॉल्ट लहान होता म्हणून त्याच्या वाट्याला घोडे, गाड्या आणि झाडं आली. तोट्याचं ओझं मोठ्यांनी वाहिलं.

आणि मग सुरू झाली पेपरची लाईन

कॅन्सस सिटीत इलियस यांनी वर्तमानपत्र टाकायची एजन्सी घेतली. गिऱ्हाईकं सातशेच्या आसपास. कामाला रॉय आणि नऊ वर्षांचा वॉल्ट.

पहाटे साडेतीनच्या सुमारास उठायचं, पेपर टाकायचे, मग शाळा आणि संध्याकाळी परत पेपर. हिवाळ्यात बर्फ गुडघ्याच्या वर. पेपर अंगणात फेकून चालायचं नाही, दारापर्यंत नेऊन ठेवायचा असा इलियस यांचा दंडक. बाकीच्या पोरांना या कामाचे पैसे मिळायचे, वॉल्टला नाही. खाऊपिऊ घालतो तेच खूप, असं वडिलांचं म्हणणं. पुढे रॉयही घर सोडून गेला.

वॉल्टने नंतर सांगितलेली एक आठवण आहे. पहाटेच्या अंधारात पेपर टाकताना त्याला इतरांच्या ओसरीवर मुलांची खेळणी पडलेली दिसायची. घरातली माणसं झोपेत असताना तो त्या खेळण्यांशी दोन मिनिटं खेळायचा आणि जशीच्या तशी ठेवून पुढच्या घरी जायचा.

हे काम त्याने सहा वर्षं केलं. म्हणजे मार्सेलीनपेक्षाही जास्त. जगप्रसिद्ध झाल्यावरही त्याला आपण एखाद्या घरी पेपर टाकायला विसरलो, अशी स्वप्नं पडत आणि तो दचकून उठे.

त्याच्या घराजवळ इलेक्ट्रिक पार्क नावाचं एक करमणुकीचं पार्क होतं. दिव्यांचा झगमगाट, छोटी रेल्वे आणि रात्री आतषबाजी. हा सगळा मसाला पुढे कुठे वापरला गेला, हे वेगळं सांगायला नको.

यश आलं, पण सोबत बरंच काही गेलं

पुढची गोष्ट बऱ्यापैकी माहितीतली आहे. वय खोटं सांगून वॉल्ट रेड क्रॉसमध्ये भरती झाला, पहिलं महायुद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवून परतला. कॅन्सस सिटीत कार्टूनची कंपनी काढली, ती 1923 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी लॉस एंजेलिस गाठून रॉयसोबत स्टुडिओ सुरू केला. 1928 मध्ये ओस्वाल्ड नावाचा त्याचा गाजलेला ससा वितरकाच्या ताब्यात गेला आणि त्याच वर्षी मिकी माऊस आला. 1937 च्या डिसेंबरमध्ये स्नो व्हाईट. पूर्ण लांबीचं कार्टून कोण बघणार म्हणणारे गप्प झाले.

या पैशातून दोघा भावांनी आईवडिलांना कॅलिफोर्नियात नवीन घर घेऊन दिलं. 1938 च्या नोव्हेंबरमध्ये त्या घरातल्या हीटरमधून विषारी वायू पसरला. इलियस वाचले, फ्लोरा गेल्या. ज्या घरात आईला सुख मिळावं म्हणून पैसा ओतला, तेच घर तिच्या जिवावर उठलं. वॉल्ट त्याबद्दल पुढे जवळपास बोललाच नाही.

1941 मध्ये स्टुडिओत मोठा संप झाला. आपण सगळे एक कुटुंब आहोत असं मानणाऱ्या मालकाला गेटवर आपलेच कलाकार घोषणा देताना दिसले. पगार आणि वागणुकीबद्दल त्यांच्या खऱ्या तक्रारी होत्या, पण वॉल्टने तो संप मनाला लावून घेतला. त्याच वर्षी इलियसही वारले.

मध्येच हे रेल्वेचं खूळ कुठून आलं?

1948 मध्ये वॉल्ट आपला ॲनिमेटर वॉर्ड किंबॉल याला घेऊन शिकागोच्या रेल्वे प्रदर्शनाला गेला. येताना दोघांनी हेन्री फोर्डने उभारलेलं ग्रीनफील्ड व्हिलेज पाहिलं. तिथे जुन्या इमारती आणून एक अख्खं जुनं गाव वसवलेलं आहे.

परत आल्यावर त्याने 31 ऑगस्ट 1948 रोजी एक टिपण लिहिलं. विषय, मिकी माऊस पार्क. गंमत म्हणजे त्यात थरारक राईड्सपेक्षा गावाचंच वर्णन जास्त आहे. रेल्वे स्टेशन, टाऊन हॉल, अग्निशमन केंद्र, दुकानं आणि आयाआज्यांना बसायला बाक.

1950 मध्ये त्याने स्वतःच्या घराच्या आवारात माणसं बसून फिरतील अशी छोटी वाफेची रेल्वे सुरू केली. बायको लिलियनच्या नावावरून इंजिनाचं नाव लिली बेल. आणि हे सगळं चालवायला जे कोठार बांधलं, ते मार्सेलीनच्या शेतातल्या कोठारासारखं.

मग पार्कसाठी जमवाजमव सुरू झाली. तेव्हाची करमणूक पार्क्स म्हणजे कचरा आणि उर्मट कर्मचारी अशी ख्याती होती, त्यामुळे रॉयसकट कुणालाच भरवसा वाटेना. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढलं, एबीसी या टीव्ही कंपनीला सोबत घेतलं आणि अनाहाईममध्ये संत्र्याच्या बागांची 160 एकर जागा विकत घेतली. खर्च गेला 1 कोटी 70 लाख डॉलर्सवर.

17 जुलै 1955 ला डिस्नेलँड उघडलं आणि सगळा बट्ट्याबोळ झाला. बनावट तिकिटांमुळे गर्दी हाताबाहेर गेली. उन्हाने ओलं डांबर वितळून बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या. प्लंबरच्या संपामुळे संडास किंवा पिण्याच्या पाण्याचे नळ यातलं एकच वेळेत होणार होतं, वॉल्टने संडास निवडले. लोक तहानेने वैतागले. आणि हे सगळं टीव्हीवर लाईव्ह. निवेदकांपैकी एक होता रोनाल्ड रेगन, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

तरीही पहिल्या सात आठवड्यांत दहा लाखांवर लोक येऊन गेले.

मेन स्ट्रीट म्हणजे मार्सेलीनच का?

डिस्नेलँडमध्ये शिरायचं तर आधी रेल्वेच्या रुळाखालून जावं लागतं. सुरुवातीला या रेल्वेच्या नावात सँटा फे होतं. म्हणजे मार्सेलीन वसवणारी तीच कंपनी इथेही होती. बोगदा ओलांडला की येते मेन स्ट्रीट. 1900 च्या आसपासचा अमेरिकन गावाचा बाजार. घोड्यांची ट्राम, गॅसचे दिवे, मिठाईची दुकानं. वरचे मजले मुद्दाम खालच्यापेक्षा लहान बांधलेत, त्यामुळे इमारती उंच दिसतात पण अंगावर येत नाहीत.

पण ही मार्सेलीनची हुबेहूब नक्कल नाही. या रस्त्याची पहिली रेखाटनं करणाऱ्या हार्पर गॉफचं लहानपण कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये गेलं होतं, त्याच्या आठवणीही यात आहेत. शिवाय खऱ्या मार्सेलीनमधला चिखल, कर्ज आणि बुडालेली शेती इथे नाही. पहाटे पेपर टाकणारा पोरगा तर कुठेच नाही.

गाळलेल्या गोष्टींची यादी इथेच थांबत नाही. ज्या 1955 मध्ये हा आनंदी जुना रस्ता उघडला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स यांना बसमधली सीट सोडायला नकार दिला म्हणून अटक झाली. 1900 सालची अमेरिका सगळ्यांसाठी एवढी गोड नव्हती. जुने दिवस चांगले होते असं कुणी म्हटलं, की ते कुणासाठी चांगले होते हा प्रश्न उरतोच.

मग वॉल्टला हे कळत नव्हतं का? निदान स्वतःच्या बाबतीत तरी कळत होतं. कारण मेन स्ट्रीटच्या एका खिडकीवर नाव आहे, इलियस डिस्ने, कंत्राटदार, स्थापना 1895. ज्या बापाने पेपर टाकायचे पैसे दिले नाहीत, ज्याचे धंदे एकामागोमाग बुडाले, त्याला मुलाने आपल्या गावात कधीच न बुडणारं दुकान काढून दिलं.

शेवटी राहिलं काय?

गंमत म्हणजे चाहते ज्या जुन्या डिस्नेलँडसाठी हळहळतात, ते वॉल्टने स्वतःच कधी तसंच राहू दिलं नाही. पार्क कधीच पूर्ण होणार नाही, असं तो मानायचा. सुरू केलेली सर्कस काही महिन्यांत गुंडाळली. एक नवी ट्रेन 1957 मध्ये आणली, पुढच्याच वर्षी बंद केली आणि 1959 मध्ये मोनोरेल आली.

15 डिसेंबर 1966 रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने वॉल्ट गेला. नुकतीच पासष्टी पूर्ण झाली होती. फ्लोरिडातलं मोठं पार्क रॉयने पूर्ण केलं, 1971 च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं आणि डिसेंबरमध्ये तोही गेला. मार्सेलीनमध्ये जुन्या पद्धतीचं शेत उभारायची वॉल्टची इच्छा मात्र राहून गेली.

आज मेन स्ट्रीटवर चालणाऱ्या कुणालाच 1900 सालचं गाव आठवत नाही. लोकांना आठवतं ते आईबाबांचं बोट धरून याच रस्त्यावरून चाललेलं. वॉल्टने स्वतःच्या आठवणीसाठी बांधलेली जागा आता दुसऱ्यांची आठवण झाली आहे. आणि तीही निवडकच असते. रांगेतलं ऊन, पायाला आलेले फोड, तिकिटाच्या पैशावरून घरात झालेली कुरबुर यातलं फारसं कुणी सांगत नाही.

तिकडे मार्सेलीनने आपल्या मुख्य रस्त्याला मेन स्ट्रीट यूएसए असं नाव दिलंय. नक्कल इतकी गाजली की अस्सल गावाने तिचं नाव घेतलं.

आणि तो दिवा? मेन स्ट्रीटच्या अग्निशमन केंद्रावर वॉल्टची एक छोटी खोली होती. तो मुक्कामाला असला की खिडकीत दिवा लागलेला असायचा, म्हणजे खाली काम करणाऱ्यांना कळायचं की मालक आत आहे. मालकाला जाऊन कित्येक दशकं झाली, तरी तो दिवा आजही लावलेला असतो. पार्कमध्ये शिरताना जुने चाहते आधी वर बघतात, दिवा चालू आहे ना ते.