भिवाची पाटी, बाबासाहेबांची लेखणी

बोधिसत्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? महूचा जन्म, महाडचे चवदार तळे, नाशिकचा सत्याग्रह, पुणे करार, संविधान, नागपूरची दीक्षाभूमी आणि आपला चांदा, हे सारे आपल्या घरातल्या पोराबाळांनाही तोंडपाठ आहे. म्हणून या स्मरणिकेत तेच पुन्हा सांगत नाही. बाबासाहेब लेखक कसे घडले, लहानपणी त्यांची अक्षरांशी गाठ कशी पडली आणि त्या दिवसांच्या खुणा त्यांच्या पुढच्या लेखनात कुठे कुठे सापडतात, एवढेच सांगायचे आहे. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून त्यांचे लेखन आणि भाषणे जाड जाड खंडांत छापली. अनेक घरांत ते खंड आहेत. पण खंडांना हार घालणे सोपे आणि ते उघडून वाचणे अवघड. वाचायला सुरुवात कुठून करावी, हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी हा लेख.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. घरात सगळे त्यांना भिवा म्हणत. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे लष्कराच्या शाळेत हेडमास्तर होते. बाकी महारवाड्यांत अक्षराचा दिवा लागला नव्हता, त्या काळात या घरात पाटी-पुस्तक होते. रामजीबाबा कबीरपंथी, शिस्तीचे कडक. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्याला आई भीमाबाई वारल्या, तेव्हा भिवा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. आत्या मीराबाईंनी पोरांना सांभाळले.

7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात पहिली इंग्रजीत घातले गेले. शाळेच्या रजिस्टरात 1914 या क्रमांकापुढे त्याची बालपणीची सही आहे. ज्या हाताने पुढे हजारो पाने लिहिली, त्या हाताची ही अगदी सुरुवातीची खूण. 2017 पासून महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

नाव घातले, पण बसायला जागा कुठली? इतर मुलांबरोबर नाही. कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर. आपल्याकडे पोते म्हणतो तेच. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर मास्तरांची परवानगी घ्यायची, मग शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. न्हावी केस कापत नसे, ते काम बहीण करी. ह्या गोष्टी कुणा चरित्रकाराने रंगवून सांगितलेल्या नाहीत. बाबासाहेबांनी स्वतः त्या लिहून ठेवल्या आहेत.

त्याच काळातली एक गोष्ट पत्राची आहे. 1901 साल. रामजीबाबा खटाव तालुक्यात गोरेगावला तलावाच्या सरकारी कामावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी पोरांना तिकडे बोलावले. पोरांना केवढा आनंद! नवे शर्ट, चकचकीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. कोणत्या दिवशी येतो ते पत्राने कळवून भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीकडची पोरे आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कुणीच आले नव्हते. पोरे महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही पोरांनी गाडी स्वतः हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. शिदोरी भरलेली होती, पण प्यायला पाणी कुणी देईना आणि पाण्यावाचून घास उतरेना. रात्र उपाशीपोटी काढून दुसऱ्या दिवशी पोरे कशीबशी वडिलांकडे पोचली. तेव्हा उलगडा झाला. पत्र वेळेवर आले होते, पण रामजीबाबांच्या नोकराने ते त्यांच्या हाती दिलेच नव्हते.

आता पाहा, हा प्रसंग बाबासाहेबांनी कधी लिहिला? 1935-36 च्या सुमारास, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर, साऱ्या जगात नाव झाल्यावर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात तो पहिलाच आहे. अस्पृश्यता म्हणजे नेमके काय ते परदेशी माणसाला कळावे, हा त्यामागचा हेतू. अस्पृश्यतेवर मोठे शास्त्रीय विवेचन करण्याची त्यांची ताकद होती. इथे मात्र त्यांनी ती वापरली नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोराची टोपी, जोडे, शिदोरी आणि तहान एवढेच सांगितले. शिव्याशाप नाहीत, रडगाणे नाही. वाचणाऱ्याचा घसा आपोआप कोरडा पडतो. त्यांच्या हस्तलिखितातले हे लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली पुस्तिका म्हणून काढले. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे बाबासाहेब जिथे शिकले तिथेच, ते विद्यार्थ्यांना वाचायला लावले गेले. मसूरच्या वाटेवरची तहान साता समुद्रापार पोचली ती अशी.

पुढे 1904 च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. तिच्यातच चूल, जळण, जाते, बकरी आणि पुस्तके. रामजीबाबा मध्यरात्री दोनला पोराला उठवत आणि दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसवत. इंग्रजीसाठी हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी घोटून घेतली. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत, शब्दाला नेमका शब्द शोधायची सवय लागली ती इथे. भिवाला पुस्तक हवे असले आणि घरात पैसा नसला, तर सुभेदार लेकीकडे जात. लेक अंगावरचा दागिना देई, तो गहाण पडे, पुस्तक घरात येई आणि पेन्शन झाली की दागिना सुटे. बहिणीचा दागिना आणि भावाचे पुस्तक, अशी ही अदलाबदल होती.

एल्फिन्स्टन हायस्कुलात एकदा गणित सोडवायला मास्तरांनी भिवाला फळ्यापाशी बोलावले. फळ्यामागे पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. पोरांनी एकच कल्ला केला, धावत जाऊन आधी डबे हलवले आणि मगच भिवाला फळ्यावर लिहिता आले. संस्कृत घ्यायची इच्छा होती, तीही शाळेत पुरी झाली नाही, फारसी घ्यावी लागली.

याच घरात आणखी एक गोष्ट घडत होती, जी मोठी असूनही फारशी सांगितली जात नाही. रोज संध्याकाळी रामजीबाबा पोरांकडून रामायण-महाभारत मोठ्याने वाचून घेत. बहिणी आणि आजूबाजूची माणसे ऐकायला बसत. एक दिवस वाचणाऱ्या पोरानेच बापाला अडवले. ज्या पोथ्यांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आहे आणि शूद्र-अतिशूद्रांची हेटाळणी आहे, त्या आपण का वाचायच्या? रामजीबाबांनी समजावले की आपण हलके आहोत हा समज मनातून जावा म्हणून वाचायच्या, द्रोण आणि कर्ण साध्या स्थितीतून कुठल्या कुठे गेले आणि वाल्मीकी तर कोळी असून रामायणाचा कर्ता झाला. पोराचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांच्यातले काय काय पटत नाही, ते त्याने बापाला तोंडावर सांगितले. बाप गप्प राहिला. त्या काळी बापापुढे असे बोलणारे पोर आणि ते ऐकून घेणारा बाप, दोन्ही विरळाच.

याच सुमारास कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला एक भेट दिली. परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी सत्काराची सभा भरवली. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडिलांचा विरोध होता, पण केळुसकर गुरुजींमुळे सभा झाली. शेवटी गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भिवाच्या हाती ठेवले. चरित्रकार ही सभा 1907 च्या मॅट्रिकनंतरची सांगतात, स्वतः बाबासाहेबांनी ती इंग्रजी चौथीच्या वेळची म्हणून सांगितली आहे. साल कोणतेही धरा, पुस्तक एकच. संध्याकाळच्या वाचनातून पडलेल्या प्रश्नांना उत्तर देणारा महापुरुष त्याला प्रथम भेटला तो या पुस्तकात.

आता हे सगळे त्यांच्या लेखणीत कसे उतरले ते बघू. 1923 साली लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला. अर्थशास्त्राचा जडजड विषय. पण अर्पणपत्रिका आहे आईवडिलांना, शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांची आठवण ठेवून. रामजीबाबा तेव्हा नव्हते, 1913 च्या फेब्रुवारीतच ते वारले होते.

31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला, 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत'. 'मूकनायक'च्या माथ्यावर तुकोबांचा अभंग होता आणि 'बहिष्कृत भारत'च्या माथ्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टरने आपल्या पत्रावर संतवाणी घातली. भक्तिमार्गी बापाच्या घरात जे कानावर पडले होते, तेच मथळ्यावर आले असे म्हणायला हरकत नाही. 'बहिष्कृत भारत' चालवताना हाताखाली माणसे नव्हती, पैसा नव्हता. चोवीसच्या चोवीस रकाने एकट्याने लिहून काढायची पाळी बाबासाहेबांवर येई. पण दिव्याच्या उजेडात मध्यरात्री बसायची सवय लहानपणीच लागलेली होती.

आणि सर्वांत मोठी खूण सापडते ती 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात. सुरुवातीलाच बाबासाहेब चार प्रश्न मांडतात. पहिला प्रश्न असा की म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा पटते का? एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याने असे माणूस पाहिलेच नसेल, हे बुद्धीला धरून आहे का? पोथी वाचता वाचता थांबून बापाला विचारणारा भिवाच इथे बोलत आहे. ग्रंथाची रचनाही बघा, छोटी छोटी क्रमांक घातलेली वाक्ये, एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे अशी. वर्षावासात आपल्या विहारात या ग्रंथाचे वाचन होते तेव्हा हे सहज ध्यानात येते.

या ग्रंथासाठी 1956 साली बाबासाहेबांनी एक प्रास्ताविक लिहिले. त्यात वडिलांची शिस्त, संध्याकाळचे वाचन, ते प्रश्न आणि केळुसकर गुरुजींचे पुस्तक, हे सगळे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आयुष्यभराच्या अभ्यासाचा ग्रंथ लिहून झाला आणि तो कुठून सुरू झाला हे सांगताना ते आपल्या लहानपणाकडे वळले. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली निघाला, पण हे प्रास्ताविक त्यात नव्हते. 1980 साली भगवान दास यांनी ते प्रसिद्ध केले. 5 डिसेंबर 1956 च्या रात्री बाबासाहेबांनी याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टाइप केलेले कागद आपल्या टेबलावर मागून घेतले होते. शेवटच्या रात्रीही हाताशी होते ते कागदच.

त्याआधी दीड-पावणेदोन महिने, 16 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेब आपल्या चांद्याला आले आणि इथल्या जनतेला त्यांनी धम्मदीक्षा दिली. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता, तो झाला 1982 साली. वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा सारा मुलूख चांद्यातच मोडत होता. त्या दिवशी आपल्या आजी-आजोबांनी बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिले. तेव्हा जी पोरे दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याबरोबर घरोघरची आठवण चालली आहे. कोण कसे आले, शिदोरीला काय होते, पांढरे लुगडे कुठून मिळवले, घरातले देव कुणी आणि कुठे विसर्जन केले, हे सरकारी खंडांत सापडायचे नाही. ते आपल्या म्हाताऱ्या माणसांजवळच आहे.

बाबासाहेबांनी टोपी, जोडे आणि तहान लिहून ठेवली, म्हणून शंभर वर्षांनंतरही आपल्याला 1901 सालची ती रात्र कळते. त्यांना लिहिता येत होते आणि त्यांनी लिहिले. आज आपल्या पोरांना लिहिता येते. आपल्याच जंगलातल्या बांबूचा बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये ढिगाने कागद झाला, तेव्हा कागदाचीही वाण नाही. विहारात एक जाड वही ठेवावी. दर रविवारी वंदनेनंतर एका आजीने किंवा आजोबाने सांगावे आणि शाळेतल्या एका पोराने किंवा पोरीने जसेच्या तसे लिहावे, नाव-गाव-साल घालून. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्या वहीतली पाने छापता आली, तर भिवाच्या गोणपाटाचे थोडेसे ऋण आपण फेडले असे होईल.

नमो बुद्धाय! जय भीम!